रामसेपट हसण्यावारी नेऊ नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंवरचा लेख वाचला. राग आला म्हणून एक दिवस थांबले, पण तो अजून गेलेला नाही. हे चित्रपट आता चार मित्र जमवून पोट धरून हसायला पाहावेत, असा सल्ला तुमच्या लेखकाने दिला आहे. त्या सल्ल्याचं पुढे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मध्यंतरी शहरातल्या एका फिल्म क्लबाने 'पुराना मंदिर' लावला होता. त्यातला राक्षस सामरी पडद्यावर आला की शिट्ट्या मारा, असं निवेदकाने आधीच माइकवरून सांगून ठेवलं. लोक सामरी येईपर्यंतही थांबले नाहीत. राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, हा त्याचा शाप. बाळंतीण तडफडून मरते त्या प्रसंगाला एवढा हशा, की पडद्यावरचं काही ऐकू येईना. पुढच्या मुलांना मी गप्प बसायला सांगितलं, तर संयोजकांपैकी एक जण येऊन मलाच म्हणाला, "काकू, त्रास होत असेल तर बाहेर बसा." तिकीट काढून गेले होते मी!

हाच चित्रपट मी यात्रेतल्या तंबूत सासरच्या बायकांबरोबर पाहिला होता. त्या प्रसंगाला बायकांच्या बाजूला चुळबूळसुद्धा नव्हती. थोरल्या जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांची धाकटी बहीण पहिल्याच खेपेला गेली होती. अशा प्रेक्षकाला तुमचा लेखक 'भाबडा' म्हणतो. मुखवटा खोटा आहे हे त्या बायकांना कळत होतं. त्यांची भीती मुखवट्याची नव्हतीच.

रामसेंच्या कामाला लेखात वापरलेला 'घरगुती कारभार' हा शब्दही मला खटकला. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (1972) महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात राहून साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात केला. भावांपैकी कुमार लिहायचे, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला आणि घरच्या बायका युनिटच्या स्वयंपाकाला. त्याआधी 1970 मध्ये वडिलांचा चित्रपट पडला होता. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोक दचकतात, हे या मुलांनी थेटरात बसून टिपलं. प्रेक्षकाकडे इतकं लक्ष देऊन पाहणारे किती दिग्दर्शक आज आहेत? 'वीराना'मध्ये गंगूंनी धूर आणि रंगीत दिवे यांवर जी रात्र उभी केली आहे, ती लेखकाने आवाज बंद करून एकदा नीट पाहावी. मग हसावं वाटलं तर हसावं.

आणखी एक. लेखासोबत 'सामरी' म्हणून छापलेला फोटो सामरीचा नाहीच. तो रामसेंच्याच 'बंद दरवाज़ा'मधला (1990) रक्तपिपासू नेवला आहे. काळा झगा आणि सुळे दिसत असताना चूक व्हायला नको होती. दोन्ही भूमिका अनिरुद्ध अगरवाल यांच्या, पण त्यांचं नाव संपूर्ण लेखात एकदाही नाही. रुरकीला शिकलेला हा इंजिनिअर पडद्यावर नुसता उभा राहिला तरी तंबू गप्प व्हायचा. येत्या रविवारी चुकीची दुरुस्ती छापाल, तेव्हा त्यांचं नाव पूर्ण छापा, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा