टीटीची गोष्ट

ती. आई-बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आमसुलं आणि कुळथाचं पीठ पोचलं. बाबा, गुडघ्याला लावायचं तेल सोमवारी पाठवते.

पत्र मात्र नातीमुळे लिहितेय. काल बसमध्ये कंडक्टर “चला, टीटी, टीटी!” म्हणून ओरडला आणि हिने विचारलं, “टीटी म्हणजे?” म्हटलं, दादरचं ट्राम टर्मिनस. “मग ट्राम कुठंय?” बाबा, मला एकदम तुम्ही आठवलात. 31 मार्च 1964 ची रात्र, बोरीबंदरहून दादरला निघालेली शेवटची ट्राम, आणि ती बघायला अण्णा आजोबांच्या खांद्यावर बसलेले तुम्ही. शेवट तुमच्याकडून कितीदा ऐकला, म्हणून या खेपेला सुरुवात वाचून काढली.

1874 च्या 9 मे रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. कुलाब्याहून पायधुणीला तीन आणे भाडं, नंतर ते दोन आणे झालं. आई, उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत, हे वाचून मला फार बरं वाटलं. पण शहर वाढत होतं, आणि घोडा काही झालं तरी दमणारच. दाणावैरण, तबेले, थकलेली जोडी बदलणं, सगळं सांभाळून गाडी किती लांब नेणार? शेवटी 7 मे 1907 ला संध्याकाळी म्युनिसिपालिटीच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे विजेची ट्राम निघाली. वर तार, तारेला टेकलेला टपावरचा दांडा, आणि खाली मोटर. पुढे घोडा नसलेली गाडी आपोआप चालताना पहिल्यांदा बघणाऱ्यांना काय वाटलं असेल!

बाबा, तुम्ही नेहमी विचारायचात ना, बसवाले विजेचं बिल कसे पाठवतात? त्याचं उत्तर इथेच आहे. 1905 साली जी बेस्ट कंपनी (बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज) निघाली ती वीजपुरवठा आणि ट्राम दोन्हींची. एकाच कंपनीने रस्त्यावर ट्राम चालवायची आणि घरात दिवेही लावायचे. बेस्टमधला ‘टी’ तेव्हा ट्रामवेजचा होता. 1947 मध्ये कंपनी महापालिकेकडे आली आणि तो ट्रान्सपोर्टचा झाला. डबलडेकर ट्राम 1920 ची, आणि बस तर 1926 ला आली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर कॉलन्या उठल्या तेव्हा साध्या पगारातल्या माणसालाही कामाला फोर्टात जाऊन रात्री लांबच्या घरी परतता येऊ लागलं. अण्णा इतकी वर्षं लालबागहून गिरगावात नोकरीला जात होते ते ट्रामनेच ना?

पण घंटेचा आवाज कुठे वाचायला मिळत नाही. ड्रायव्हर पायाने ती कशी वाजवायचा ते तुम्ही लहानपणी मला जमिनीवर टाच आपटून दाखवायचात. गणपतीला येतोच आहोत. तेव्हा हिलाही दाखवा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीत बसून दाखवा, पण दाखवा.

तुमची,
चिमी