लक्ष्या घाबरायचा, म्हणून आम्ही घाबरायचो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला भुताखेतांच्या सिनेमांवरचा लेख वाचला. 'झपाटलेला' या मराठी सिनेमाला त्यात जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत, आणि त्यातही 'दुसरा भाग तंत्रात सरस, म्हणून भीतीतही सरस' असं ठोकून दिलं आहे. माझी हरकत त्या 'म्हणून'ला आहे. मी समीक्षक नाही, अमळनेरचा कटलरी-खेळणीवाला आहे. दत्तजयंतीला सारंगखेडा, महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताई, वैशाखात गावातच बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा, अशी पस्तीस वर्षं पाल ठोकून दुकान लावलं. बाहुल्या विकण्यात हयात गेली, तेव्हा बाहुल्याविषयी दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

पहिला 'झपाटलेला' 1993चा. मी तो पाहिला सारंगखेड्याला, तंबूत, वर्ष-दोन वर्षं उशिराने. यात्रेला सिनेमे असेच शिळे होऊन यायचे, पण त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मार्गशीर्षातली थंडी, तापीवरून येणारं वारं, पलीकडे घोड्यांचा बाजार. वारं सुटलं की पडदा फुगायचा आणि बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचू या गुंडाचं तोंड आपोआप वाकडं व्हायचं. मध्येच बाहेर एखादा घोडा खिंकाळला, तर अर्धा तंबू जागेवरून उठायचा. हा खर्च निर्मात्याने केलेला नव्हता, हे मान्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर एक आई आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तेव्हा माझ्याकडे निजणाऱ्या बाहुल्या असायच्या. आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की उघडायची. यात जादू काही नाही. डोक्याच्या आत डोळ्यांना एक वजन बांधलेलं असतं, ते खाली झुकतं आणि पापणी फिरते. मी सवयीने बाहुली आडवी केली, उभी केली. मुलगी किंचाळली, "माय वं, हाई डोया उघाडस!" आणि आईच्या पदरात तोंड खुपसून बसली. रात्री तंबूत आली होती, हे मग कळलं. त्या यात्रेत पिपाण्या आणि फुग्यांवर खर्च निघाला, बाहुल्या पोत्यात परत आल्या.

तर तेव्हापासून या सिनेमाशी माझं थोडं वैर आहे, आणि म्हणूनच विचारही जास्त झाला आहे. रामदास पाध्यांचं बाहुलं आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज दोन्ही भागांत आहे. 'ओम फट् स्वाहा' हा मंत्र तोच. इन्स्पेक्टर महेश जाधव तोच. तरी पहिल्यात अंगावर काटा येतो आणि दुसऱ्यात येत नाही, तो का?

एखाद्या गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो, ही कल्पना 1988च्या 'चाइल्ड्स प्ले' या इंग्रजी सिनेमातली. तिथे बाहुला एका लहान पोराच्या हाती लागतो. पोर घाबरणारच, त्यात नवल काय! दिग्दर्शक महेश कोठाऱ्यांनी तो एका थोराड माणसाच्या हातात दिला, आणि माणूसही असा की ज्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद. आता तो जीव तोडून सांगतोय की हे बाहुलं स्वतःच बोलतं. कोण ऐकणार? आपण त्याला हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की हा खरं सांगतोय. लक्ष्याचं काम करणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचा चेहरा आठवा. ओठांवर अर्धं हसू, गळ्यात आवंढा, आवाज बारीक होत चाललेला. बाहुलं तर बराच वेळ नुसतं बसलेलं असतं. त्याच्याकडे कसं बघायचं, हे आपल्याला लक्ष्या शिकवतो.

दुसरा भाग 7 जून 2013 रोजी आला, मराठीतला पहिला थ्रीडी म्हणून गाजावाजा होऊन. सात वर्षांच्या नातवाला घेऊन मी मुद्दाम जळगावला गेलो. माझ्या नंबरच्या चष्म्यावर तो दुसरा चष्मा, नाकावर दोन बैल जुंपल्यासारखं. वर त्या काचांनी पडदाही मंद दिसतो. बाहुलं पहिल्यापेक्षा सफाईने हलतं, हे खरं. पहिल्यात काही ठिकाणी त्याची चाल खटकते, दुसऱ्यात तसं होत नाही. अंगावर येणारी वस्तू धरायला नातवाने दोन-तीनदा हात पुढे केला, मग पॉपकॉर्नला लागला. परतीच्या एस.टी.त धरणगाव यायच्या आत गाढ झोपला.

त्याच पोराने पुढे दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर पहिला भाग पाहिला. ना चष्मा, ना मोठा पडदा, मध्ये साबणाच्या जाहिराती. तीन रात्री त्याने मला बाहुल्यांचं पोतं ओट्यावर ठेवायला लावलं, आणि पोत्याचं तोंड दोनदा बांधलं का ते स्वतः बघून आला.

दोष कुणाचा म्हणाल, तर कुणाचाच नाही. बेर्डे 2004च्या डिसेंबरात गेले. तात्या विंचूला लक्ष्याचं शरीर हवं होतं, लक्ष्या नाही तर त्याच्या मुलाचं, इथवर गोष्ट बरोबर जुळवली आहे. आदिनाथ कोठारे यांनी त्या मुलाचं कामही मन लावून केलं आहे. पण तो हिरो आहे. दिसायला देखणा, अंगाने मजबूत. दोन फुटांचं बाहुलं त्याच्यावर धावून आलं तर हा त्याला लाथ घालील, असंच वाटत राहतं. पडद्यावरचा माणूस घाबरत नसेल, तर तिकीट काढून मी कशाला घाबरू?

आता तिसऱ्या भागाची घोषणा झाल्याचं वाचलं. नातू मोठा झाला आहे, तो म्हणतो, हल्ली गेलेला नटसुद्धा कॉम्प्युटरवर परत उभा करता येतो. येत असेल. चेहरा येईल, तो आवंढा येईल का, एवढीच शंका आहे. त्यापेक्षा एखादा नवा भित्रा माणूस शोधा म्हणावं. आमच्या खान्देशात रात्री केळीच्या बागेला पाणी धरायला जाणाऱ्यांत असे बरेच सापडतील, मोटार चालू करायला जाताना मोठ्याने अभंग म्हणणारे. मीही त्यातलाच.

सारंगखेड्याला माझ्या दुकानाशेजारी आता तंबू नसतो, आकाशपाळणा असतो. त्या वर्षी परत आलेल्या बाहुल्यांपैकी एक अजून दुकानात आहे. तिच्या आतलं वजन कुठेतरी अडकलं, त्यामुळे आडवी केली तरी एक डोळा अर्धा उघडाच राहतो. ती हलत नाही, बोलत नाही, काही करत नाही. अर्ध्या किमतीतही कुणी घेतली नाही. रात्री शटर ओढण्याआधी तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवतो.

आपला वाचक,
एक खेळणीवाला, अमळनेर