अण्णांच्या कॅसेटविषयी

रामबाग, इंदूर

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

१९८६ च्या गणेशोत्सवात तुमच्या जुन्या घरी अण्णा गायले होते, ती कॅसेट तू माझ्याकडे विश्वासाने पाठवलीस, त्याला आता दोन महिने झाले. सोबतच्या चिठ्ठीत तू दोन तक्रारी लिहिल्या होत्यास: अण्णांचा आवाज ओळखीचा वाटत नाही, जड झाल्यासारखा वाटतो, आणि मागे सतत हमिंग येते. शेवटी एक प्रश्नही होता, की ॲनालॉग म्हणजे नुसते जुने, असेच ना? उत्तराला उशीर झाला, कारण प्रश्नाचे उत्तर मला त्या दोन तक्रारींतूनच द्यायचे होते आणि त्या दूर होईपर्यंत लिहिण्यात अर्थ नव्हता.

ॲनालॉग या शब्दाच्या मुळाशी ‘प्रमाणात असलेले’ असा ग्रीक अर्थ आहे, आणि तो वयाशी नव्हे तर पद्धतीशी संबंधित आहे. अण्णांनी ‘सा’ लावला तेव्हा हवेचा दाब ज्या रीतीने कमी-जास्त झाला, त्याच रीतीने मायक्रोफोनच्या तारेतील व्होल्टेज कमी-जास्त झाले, आणि त्याच प्रमाणात फितीवरील चुंबकत्व बदलत गेले. कोठेही आकडा नाही, मोजणी नाही. एका पदार्थातील हालचालीची दुसऱ्या पदार्थाने केलेली नक्कल आहे. ‘सा’ वरून ‘ग’ कडे जाणारी मींड जशी मध्ये कोठेही पायरी न घेता जाते, तसेच ते व्होल्टेजही सलग सरकते. यातच त्याचे वैभव आहे आणि यातच त्याची अडचणही आहे, कारण वाटेत जे काही त्या व्होल्टेजमध्ये मिसळेल ते त्याचाच भाग होऊन बसते. हे अण्णांचे आणि हे विजेच्या तारेचे, असा भेद त्या संकेताला करता येत नाही.

कॅसेट प्लेअरचे हेड, म्हणजे फितीला टेकून तिचे चुंबकत्व वाचणारा भाग, फितीवरून जे व्होल्टेज उचलते ते एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी असते. पुढच्या यंत्राला अर्ध्या व्होल्टच्या आसपास लागते, म्हणजे मधल्या ॲम्प्लिफायरला ते हजारपटीहून अधिक वाढवावे लागते. आता हेडपासून निघालेल्या वीतभर तारेत शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे मिलिव्होल्टचा शंभरावा भाग जरी शिरला, तरी तोही हजारपट होऊन बाहेर येणार. म्हणून त्या तारेवर जाळीचे आवरण असते. शिवाय हेड चुंबकत्वाला नव्हे, तर ते किती वेगाने बदलते याला प्रतिसाद देते. त्यामुळे तार सप्तक आपोआप मोठे निघते आणि खर्ज क्षीण. हे सारखे करण्यासाठी प्लेअरमध्ये खर्ज मुद्दाम वाढवणारी जोडणी असते, आणि घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने, नेमके त्याच खालच्या प्रदेशात बसत असल्याने तेही आयतेच वाढून घेते. फुकट्या पाहुण्याला पंगतीत पहिले पान मिळावे, तसे हे आहे.

प्रथम मी हेड स्पिरिटने पुसले आणि त्याचा छोटा स्क्रू कानाने जुळवला. हेडची फट फितीला काटकोनात नसेल तर वरचे स्वर आधी बुजतात, म्हणून ‘स’, ‘श’ आणि तबल्याची चाट स्पष्ट होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे, एवढेच त्यातले शास्त्र. त्यानंतर आवाजाच्या जडपणाकडे वळलो. माझ्या प्लेअरचा रबरी बेल्ट ढिला झाला होता. जेल रोडवर नवा मिळाला. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात अतिविलंबिताचे, म्हणजे अगदी संथ लयीचे, कोणाला वावडे नसले, तरी फितीने आपल्या मनाने लय उतरवावी हे मला मान्य नव्हते.

बेल्ट बदलूनही प्रश्न उरलाच, की नेमका वेग कसा ठरवायचा? येथे तुझी दुसरी तक्रार मदतीला आली. संगणकावर ध्वनीचा आलेख काढून पाहिला, तेव्हा फितीवर एक अगदी बारीक गुंजन सापडले, फीत फिरली की दिसणारे आणि थांबली की नाहीसे होणारे. म्हणजे ते माझ्या प्लेअरचे नव्हते. त्या रात्री रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रात शिरलेली घरातली वीजच अण्णांबरोबर फितीवर उतरली होती. ती मूळची ५० हर्ट्झची, आणि माझ्याकडे दिसत होती ४८ वर. याचा अर्थ फीत शेकडा चाराने हळू चालली होती आणि अण्णांचा ‘सा’ पेटीच्या काळी एक या पट्टीवरून घसरून खालच्या पांढरी एककडे झुकला होता. मोटरच्या पाठीमागील छिद्रातून आतला स्क्रू किंचित फिरवून ते गुंजन ५० वर आणले, आणि खोलीत अण्णा बसले असावेत असा आवाज आला. अडतीस वर्षे ज्याला दोष म्हणत आलो, त्यानेच माप पुरवले होते.

मात्र वेग सुधारल्यावर एक नवे दुखणे निघाले. तानपुऱ्याचा पंचम सेकंदाला चार वेळा डुलू लागला. मी तासभर बेल्टलाच दोष देत होतो. मग फीत थांबवली, तरी एक घूं चालूच होती, आणि ती १०० हर्ट्झची होती. फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेतील चढउतार सपाट करणारा भाग, वाळला की प्लेअरचा पॉवर सप्लाय नेमकी हीच घूं देतो, कारण ५० हर्ट्झच्या लाटेचे दोन्ही अर्ध रेक्टिफायरमधून, म्हणजे विजेला एकाच दिशेने वाहू देणाऱ्या भागातून, एकाच दिशेने निघतात आणि सेकंदाला शंभर उंचवटे होतात. काळी एकचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या जवळ येतो. १०० आणि १०४ ही दोन व्होल्टेजे एकाच तारेत मिसळली की सेकंदाला चार हेलकावे येणारच. आधी ते जाणवले नव्हते, कारण फीत हळू असताना पंचमही घसरून १०० वर येऊन बसला होता. बेसूर तानपुरा आणि बिघडलेला कपॅसिटर इतके दिवस एकमेकांना सूर देत होते! नवा कपॅसिटर सॉल्डर केला आणि पंचम स्थिर झाला.

संगणकात भरण्याचे काम त्या मानाने सरळ आहे. तेथे व्होल्टेज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजले जाते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवले जाते. त्यापुढे कितीही प्रती काढल्या तरी नवी घूं शिरत नाही. पण शिरलेली तशीच राहते, म्हणून सगळी स्वच्छता त्याआधी उरकावी लागते. पातळी मी मुद्दाम कमी ठेवली आहे. समेवरची जोरदार थाप फीत जराशी गोलावून घेते, संगणक मात्र तिचा माथा सपाट छाटून टाकतो.

पेन ड्राइव्ह या पत्रासोबत पाठवत आहे. एक काम मात्र तुलाच करायचे आहे. त्या काळी विजेची वारंवारता बरोबर ५० वर क्वचितच टिकत असे, तेव्हा माझे माप थोडे चुकलेले असू शकते. अण्णांची पेटी तुझ्याकडे आहे आणि त्या रात्री साथीला तीच होती. काळी एक दाबून ध्वनिमुद्रणाबरोबर धरून पाहा; हेलकावे आले तर सेकंदाला किती येतात ते मोजून, आणि पेटी चढी लागते की उतरी ते पाहून कळव, म्हणजे मी स्क्रू तेवढाच फिरवून पुन्हा भरून देईन. मूळ कॅसेट तोपर्यंत माझ्याकडेच ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीकांत