कपाटातली गोळी

कराड,
८ डिसेंबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. छातीच्या डॉक्टरांनी तुला सिगारेट सोडण्यासाठी व्हरेनिक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या, तू त्या विकत आणल्यास आणि तेव्हापासून त्या कपाटात न उघडता पडून आहेत, याचे मला नवल वाटले नाही. माझ्या औषधांच्या दुकानातून ही गोळी नेणारे बरेच जण असेच करतात. तू त्याची दोन कारणे लिहिली आहेस. गोळी घेऊन सोडली तर ती आपण सोडली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे, हे एक. आणि इंटरनेटवर या गोळीबद्दल वाचलेल्या भीतिदायक गोष्टी, हे दुसरे. पहिल्या कारणावर मला तुझ्याशी भांडायचे आहे. दुसरी शंका मात्र रास्त आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवे.

दरवर्षी गणपतीचे दहा दिवस तू सिगारेटला हात लावत नाहीस. घरात मूर्ती असताना धूर नको, हा वहिनींनी घातलेला नियम नाही, तो तुझा तू केलेला आहेस आणि कसोशीने पाळलाही आहेस. निकोटिन बंद झाल्यावर होणारी चिडचिड, बेचैनी, झोपमोड यांचा जोर पहिल्या आठवड्यातच सर्वाधिक असतो. म्हणजे सोडण्यातला सर्वांत अवघड भाग तू दरवर्षी औषधाविना पार पाडतोस. ज्याच्या अंगी निर्धार नाही त्याला हे जमणार नाही. तरीही विसर्जनाहून परतताना तू टपरीवर थांबतोस. वर्षानुवर्षे निकोटिन मिळत गेल्यामुळे मेंदूत ते ज्या जागी जाऊन बसते त्या जागांची, म्हणजे ग्राहींची, संख्या वाढलेली असते, आणि मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की ती न ओढणाऱ्या माणसाइतकी व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. दहा दिवसांत ते होत नाही. म्हणून अकराव्या दिवशी तुझ्या निर्धाराला दोष देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पुढचे दोन-अडीच महिने तो निर्धार कशाच्या आधाराने टिकवायचा एवढाच प्रश्न उरतो, आणि बारा आठवड्यांची गोळी त्यासाठीच आहे.

ती नेमके काय करते ते सांगतो. आपण कॉलेजला असताना स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवायचो, तसे व्हरेनिक्लिन निकोटिनच्या जागा अडवून ठेवते. शिवाय त्या ग्राहींना ती स्वतः थोडी चालना देते, निकोटिन देते त्याहून बरीच कमी, पण तलफ माणसाला कासावीस करणार नाही इतपत. अशा वेळी सिगारेट ओढली, तर एरवी धुरातून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचून आपले काम साधणाऱ्या निकोटिनला बसायला जागाच मिळत नाही आणि ओढल्याचे समाधान मिळत नाही. माझी बरीच गिऱ्हाइके पहिल्या आठवड्यानंतर येऊन सांगतात की सिगारेटला चव राहिली नाही. याच कारणाने पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू ठेवण्याची मुभा असते, आणि ती गंमत म्हणून दिलेली नाही, कारण ओढूनही काही मिळत नाही हे मेंदूला त्याच दिवसांत कळू लागते.

तुझ्या पाकिटात पहिल्या आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या असतील. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, पुढचे चार दिवस तीच सकाळ-संध्याकाळ, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ. मात्रा अशी चढवत नेण्याचे कारण मळमळ. पूर्ण मात्रेवर साधारण दहांपैकी तिघांना ती होते, आणि माझा अनुभव असा की उपाशीपोटी चहाबरोबर गोळी घेणाऱ्यांना ती हमखास होते. तेव्हा आधी पोटभर खा, मग भरपूर पाण्याबरोबर गोळी घे. रात्रीची गोळी झोपताना घेऊ नकोस, संध्याकाळच्या जेवणानंतर घे, म्हणजे झोपमोड आणि चित्रविचित्र स्वप्ने यांचा त्रास कमी होतो. स्वप्ने पडतात हे खरे आहे, काहींना ती फार स्पष्ट आणि लांबलचक पडतात, पण त्यांनी अपाय होत नाही. आपल्याला गुंगी किंवा चक्कर येत नाही अशी खात्री होईपर्यंत रात्रीचा घाट मात्र स्वतः गाडी चालवत उतरू नकोस.

आता तू जे वाचलेस त्याविषयी. या गोळीला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या काही जणांमध्ये नैराश्य, आक्रमकपणा आणि आत्महत्येचे विचार दिसल्याच्या तक्रारी पुढे येऊ लागल्या आणि २००९ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पाकिटावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तू वाचलेले बहुतेक लेख त्या काळातले किंवा त्यांवरून उतरवलेले असणार. तक्रारींवरून दोष गोळीचा, सिगारेट सुटल्याचा, की मुळातल्या मानसिक आजाराचा, हे ठरवता येत नव्हते, म्हणून १६ देशांतल्या आठ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी घेण्यात आली. त्यांतल्या निम्म्या लोकांना मानसिक आजाराचा इतिहास होता. कोणाला व्हरेनिक्लिन, कोणाला ब्युप्रोपिऑन (सिगारेट सोडण्यासाठीची दुसरी एक गोळी), कोणाला निकोटिनची पट्टी आणि कोणाला औषध नसलेली गोळी देण्यात आली. २०१६ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत व्हरेनिक्लिनमुळे असे गंभीर मानसिक त्रास लक्षणीय प्रमाणात वाढल्याचे आढळले नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो चौकटीतला इशारा काढून टाकण्यात आला. २०२१ साली मूळ कंपनीने आपला साठा परत मागवला होता, तो गोळीत नायट्रोसामाइन हा कर्करोगाचा धोका वाढवू शकणारा नको असलेला घटक मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यामुळे. त्या वेळीही सिगारेट सोडण्याचा लाभ या धोक्याहून मोठा असल्याचेच त्या प्रशासनाने सांगितले होते. म्हणून तू डोळे मिटून गोळी घ्यावीस असे मी म्हणत नाही. वहिनींना हे पत्र दाखव. तुझा स्वभाव नेहमीपेक्षा अगदीच वेगळा वाटू लागला किंवा मनात भलते विचार आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, एवढे त्यांना माहीत असू दे. चार दिवस चिडचिड झाली तर मात्र घाबरू नका. ती गणपतीतही होते आणि वहिनी ती ओळखतात.

त्या चाचणीतला एक आकडा तुझ्या पहिल्या कारणासाठी राखून ठेवला होता. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेट पूर्ण बंद ठेवू शकलेले लोक व्हरेनिक्लिन घेणाऱ्यांत शेकडा सुमारे २२ होते आणि औषध नसलेल्या गोळीवर शेकडा सुमारे ९. केवळ स्वतःच्या जोरावर, कोणाच्याही मदतीविना सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरांत जेमतेम तीन ते पाच असतात. म्हणजे गोळी घेऊनही शंभरांतल्या अठ्ठ्याहत्तर जणांना जमले नाही. जे काम इतके अवघड आहे ते गोळीच्या मदतीने केले म्हणून हलके कसे ठरते, हे मला खरोखर समजत नाही. आणखी एक पाहा, चाचणीतल्या सर्वांना प्रत्येक भेटीत थोडा वेळ समुपदेशनही मिळत होते. नुसत्या गोळीचे आकडे याहून उजवे असतील असे समजू नकोस.

तुझ्या बाबतीत दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. बारावीच्या वर्षी हॉस्टेलवर तुला फिट आली होती, हे तू या डॉक्टरांना सांगितले आहेस का? सांगितले नसशील तर गोळी सुरू करण्यापूर्वी सांग. ब्युप्रोपिऑन ही मुळात नैराश्यावरची गोळी, सिगारेट सोडण्यासाठीही चांगली चालते, पण फिटचा आजार असलेल्यांना ती देत नाहीत. व्हरेनिक्लिनबाबत तशी सरसकट मनाई नाही, परंतु क्वचित फिट आल्याची नोंद असल्यामुळे निर्णय डॉक्टरांनी सर्व माहिती हाती असताना घ्यायला हवा. त्याच वेळी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कळणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्टही दाखव, कारण ही गोळी मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडे फारच कमजोर असतील तर मात्रा निम्मी करावी लागते.

दुसरी गोष्ट तुझ्या दम्याच्या गोळीची. तिच्यात थिओफिलीन आहे. सिगारेटच्या धुरातली रसायने यकृताचे एक विकर (एन्झाइम) जोमाने कामाला लावतात आणि त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून थिओफिलीन लवकर निघून जाते. सिगारेट बंद झाली की तो वेग काही दिवसांतच मंदावतो, आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा जास्त होऊ लागते. मग मळमळ, उलट्या, हाताला कंप, छातीत धडधड, आणि फार वाढले तर फिटसुद्धा. यांतली मळमळ तू नव्या गोळीच्या माथी मारशील आणि जी सोडू नये तीच सोडून बसशील, अशी मला धास्ती वाटते. तेव्हा ‘सिगारेट बंद झाल्यावर दम्याच्या गोळीचे काय करायचे’ हा प्रश्न डॉक्टरांना शब्दशः विचार. चहाचेही तेच आहे. कॅफिन त्याच विकराच्या हाती असल्यामुळे तुझे नेहमीचे कप जवळपास दुपटीने अंगी लागतील आणि ती हुरहुर तुला तलफ वाटेल. सिगारेट बंद करायच्या दिवसापासून, म्हणजे आठव्या दिवसापासून, चहा निम्मा कर. जुलूम आहे खरा, पण कर.

निकोटिनचे च्युइंगम तू मागे घेऊन पाहिलेस आणि उचक्या लागल्या म्हणून फेकून दिलेस, असे लिहिले आहेस. ते तू नेहमीच्या च्युइंगमसारखे चघळले असणार. दोन-चार वेळा चावून तोंडाला चुणचुण जाणवली की ते गालात दाबून ठेवायचे, चुणचुण गेली की पुन्हा चावायचे. तंबाखूचा बार धरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. रस गिळत राहिले तर निकोटिन पोटात जाऊन उचक्या आणि जळजळ होणारच, आणि वर लगेच चहा प्यायला तर तोंडातून ते नीट शोषले जात नाही. दोन मिलिग्रॅमचे च्युइंगम चिठ्ठीविना मिळते. पण उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटवणाऱ्याला ते सहसा पुरत नाही. ही बाजूची गोष्ट झाली. च्युइंगम सोबत घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. मावा किंवा मळलेली तंबाखू मात्र ‘तात्पुरती’ म्हणूनही तोंडात टाकू नकोस. सिगारेट सोडून तंबाखूवर स्थिरावलेले लोक मी दुकानात रोज पाहतो.

तू ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडले आहेस म्हणून सांगतो. युरोपात लॅबर्नम नावाचे पिवळ्या फुलांचे एक झाड आहे, त्याच्या बियांत सायटिसिन असते. त्याची गोळी बल्गेरियात १९६० च्या दशकापासून सिगारेट सोडण्यासाठी वापरली जाते, आणि व्हरेनिक्लिन हे त्याच सायटिसिनच्या रचनेवरून घडवलेले औषध आहे. (ते झाड विषारी आहे, तेव्हा ‘झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक’ असा अर्थ काढू नकोस.) जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

डॉक्टरांशी बोलून झाले की येत्या सोमवारी सुरू कर. नव्या वर्षाचा संकल्प वगैरे नको. सोमवारी सुरू केलेस तर आठवा दिवस ३१ डिसेंबरच्या आधी पार पडेल. त्या रात्रीच्या बैठकीला या वर्षी जाऊ नकोस. या गोळीवर असताना काहींना नेहमीच्या मात्रेतली दारूही जास्त चढल्याचे दिसले आहे, आणि दुसऱ्या पेल्याबरोबर कोणीतरी पाकीट पुढे करणार हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. एखादी ओढली गेलीच तर गोळी बंद करू नकोस, दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पुढे चालू ठेव. खरा घात पाचव्या-सहाव्या आठवड्यात होतो. तलफ जाणवत नाही, सिगारेटची आठवणही नसते, आणि माणूस म्हणतो, आता कशाला गोळी? दुसऱ्या महिन्याचे पाकीट न्यायला माझ्याकडे कोणी आलेच नाही तर मी ओळखतो आणि शक्य तिथे फोन करतो. तुलाही करीन. बारा आठवडे पूर्ण झाल्यावर ती कशी थांबवायची, की आणखी बारा आठवडे चालू ठेवायची, हे डॉक्टर सांगतील. गोळीचे व्यसन लागत नाही, मात्र थांबवल्यावर थोड्या लोकांना काही दिवस चिडचिड आणि तलफ जाणवते. वजन चार-पाच किलोने वाढू शकते, त्याचे नंतर पाहू.

रात्री-अपरात्री मला फोन करायला संकोच करू नकोस. परक्या माणसाशी बोलणे सोपे वाटले तर सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा, १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. तो लिहून घ्यायचीही गरज नाही, २०१८ पासून तुझ्या खिशातल्या प्रत्येक पाकिटावर तो छापलेला आहे.

डॉक्टर फिटबद्दल आणि दम्याच्या गोळीबद्दल काय म्हणाले ते मला लगेच कळव. जुन्या चिठ्ठ्या आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट सापडला तर त्यांचे फोटो पाठव, म्हणजे या गोळीचे तुझ्या इतर गोळ्यांशी काही जमत नसेल तर मलाही पाहता येईल. वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अण्णा