तुमचा रडार क्रोनो वेग कमी दाखवतो आणि दोष तुम्ही उन्हाला देता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: हातात धरायच्या रडार क्रोनोचे (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे) चुकीचे आकडे

आज सकाळी तुमच्या माणसाने माझं बोलणं चालू असतानाच फोन ठेवला, म्हणून आता लेखी.

म्हापशाजवळ आमचं पेंटबॉलचं मैदान आहे. गोळीच्या वेगाची मर्यादा 280 फूट प्रति सेकंद. त्यावर एकही आकडा गेला तर मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक, आत जात नाही. तुमची दोन यंत्रं घेतली. एकच मार्कर, दाबलेली हवा, एकाच पिशवीतल्या गोळ्या, दोन्ही यंत्रं स्टँडवर नळीच्या रेषेत. एकावर 278, दुसऱ्यावर 296. सावलीत ठेवलेल्या जुन्या, दोन सेन्सरच्या क्रोनोवर 297. खोक्यावर तुम्ही ‘अचूकता ±1 टक्का’ छापलंय. 280 चा एक टक्का 3 सुद्धा होत नाही. दोन्ही यंत्रं उलट दिशांना चुकली तरी फरक 6 च्या आत हवा. मग 18 कुठून आला?

हेच फोनवर विचारलं. प्रतिनिधी म्हणाला, “सर, गोव्यात ऊन फार. सेन्सरवर ऊन पडत असेल.” मी म्हटलं, अहो, हा रडार आहे. लहरी सोडतो, गोळीवरून परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली त्यावरून वेग काढतो. याला उजेडाचा सेन्सरच नाही. ऊन नडतं ते गोळीची सावली टिपणाऱ्या क्रोनोला. पलीकडे शांतता. मग कागद चाळल्याचा आवाज. मग, “बरोबर आहे सर, पण उन्हात वापरू नका.” मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यावर उत्तर आलं, “सर, रंगाच्याच गोळ्या ना? पंधरा-वीसने काय होतंय?” आणि फोन बंद.

काय होतंय ते तुम्हीच त्याला सांगा. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 278 समजून 296 ने मारलं तर तडाखा 13 टक्के जास्त. 3 ग्रॅमची गोळी 300 फुटांच्या वेगाने साडेबारा ज्यूल घेऊन जाते. आमच्याकडे कॉलेजची पोरं खेळतात. मास्क डोळे सांभाळतो, मान नाही सांभाळत.

दुसरं, माहितीपत्रकात कोनाबद्दल एक शब्द नाही. रडारला त्याच्या दिशेतलाच वेग दिसतो. यंत्र 20 अंश तिरकं धरलं की 295 ची गोळी 277 दिसते. तिरकं धरल्याने आकडा कमीच होतो, वाढत कधीच नाही. म्हणजे धोकादायक मार्कर पास होतो. हे तुमच्या इंजिनियरांना ठाऊक असणारच. मग ग्राहकाला का सांगत नाही? माझी यंत्रं स्टँडवर सरळ होती, तरी 18 चा फरक, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर ते कुणी ऐकून घेतलं नाही.

इतर मैदानवाल्यांना तुमचं यंत्र घ्या असं मीच सांगितलं होतं. आता त्यांना हे आकडे दाखवणार आहे.

दोन्ही यंत्रं कॅलिब्रेशनच्या दाखल्यासह बदलून द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी राहतो तिथेच तक्रार लावता येते. तुमच्या शहरात यावं लागत नाही. बिलं, आकड्यांचे फोटो आणि खोक्यावरच्या छापील दाव्याचा फोटो जोडला आहे.

मैदानचालक,
म्हापसा, गोवा