विसार देण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही घ्यायची म्हणताय त्या जुन्या गाडीचे फोटो पाहिले. रंग झकास आहे, आणि मालक सज्जन आहे म्हणता तेही मान्य. पण तो तिचा दुसरा मालक. पहिल्याने ती कशी हाकली, कुठे ठोकली, हे त्यालाही ऐकूनच ठाऊक असणार. म्हणून त्याच्यावर संशय न घेता जे विचारायचं ते गाडीलाच विचारा.

आधी चॅसी नंबर, म्हणजे गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. आय, ओ आणि क्यू त्यात येत नाहीत, कारण एक आणि शून्याशी गल्लत होते. बॉडीवर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर करून ताडून पाहा. तिथे घासल्याची खूण किंवा ताजा रंग दिसला तर पुढे काही बघूच नका. गाडीवरचं कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरल्याचा लेखी पुरावा हवा.

मीटरवरच्या ४० हजार किलोमीटरचं तुम्हाला फार अप्रूप वाटतंय. डिजिटल मीटरसुद्धा मागे घेता येतो, बाबा. पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगला चकाकी आलीय का, चालकाच्या सीटची कड बसलीय का, ते बघा; गाडी खरंच किती वापरलीय ते त्यावरून कळतं. सर्व्हिसच्या प्रत्येक पावतीवर त्या दिवसाचे किलोमीटर असतात. ते तारखेगणिक वाढतच गेले पाहिजेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इतक्या कमी धावलेल्या गाडीचे चारही टायर बदललेले निघाले, तर का ते विचारा. काचांवरही शिक्के असतात. एकाच काचेचं साल वेगळं असेल तर ती बहुधा कधीतरी बदललेली आहे; का ते विचारा.

आई, वासाचं काम तुझं. बाबांना सर्दीमुळे निम्मं कळत नाही. कुबट वास आला, किंवा अत्तराचा भपकारा आला, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल बरेचदा तिथे राहतो, कारण तेवढा पट्टा धुवायचं कुणाला सुचत नाही.

इंजिन थंड असतानाच चालू करून घ्या. बॉनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

किमतीचं म्हणाल, तर जाहिरातीतला आकडा ही नुसती मागणी असते. त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या पाच-सहा गाड्यांचे भाव बघा आणि टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट यांचा येऊ घातलेला खर्च त्यातून वजा करा. मेकॅनिक आपला न्या, मालकाच्या ओळखीचा नको. मेकॅनिकला गाडी दाखवायलाच तो नाही म्हणाला, तर विषय संपला.

तोवर विसार देऊ नका. "आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत" म्हणाला तर घेऊ देत त्यांना. चॅसी नंबरचे आणि पावत्यांचे स्पष्ट फोटो पाठवा, मी रात्री बसून जुळवते.

तुमची,
मनू