राजापूरच्या मिस्त्रीकाकांस, मनापासून

ती. मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

आमची जुनी पद्मिनी गाडी तुमच्याकडून दुरुस्त करून घरी आणली, त्याला आज तीन आठवडे झाले. सकाळी उठलो की आधी अंगणात जातो आणि गाडीखालचा दगडी चिरा बघतो. कोरडा असतो. वर्षभर इंजिनातून तेल गळायचं, आई तिथे तुसाची पाटी सरकवायची आणि संध्याकाळपर्यंत ते तूस काळं चिकट होऊन जायचं. पत्र लिहायला इतके दिवस लावले कारण आधी खात्री करायची होती. आता खात्री झाली.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दोन गॅरेजं फिरलो. नावं घेत नाही. पहिल्याने टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, मग गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील बदललं, जाताजाता ‘पाइप जुना झालाय’ म्हणून एक नवा पाइपही टाकला. आठ दिवस बरे गेले, की पुन्हा थेंब. दुसऱ्याने ऑइलचं झाकण उघडून धूर बघितला आणि लगेच निकाल दिला: इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे गॅस पिस्टनवरून खाली उतरतोय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडून बोअर करा, ४५,००० रुपये. वर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘त्यापेक्षा भंगारात घाला, आणि आजोबांना आता घरी बसवा.’ बाबा शेजारीच उभे होते. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे, कान नाही गेले. त्या दिवशी लांज्याला पोचेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

तुम्ही मात्र मला काही विचारलंच नाही. थेट बाबांना विचारलंत, ‘अण्णा, तेल घाटात जास्त फेकते की सपाटीला?’ बाबांनी क्षणात सांगितलं, घाटात, चढाला, आणि पावसाळ्यापासून जास्त. आंबा घाट त्यांनी या गाडीने किती वेळा चढला असेल! तिचा आवाज त्यांच्याइतका कुणाला कळतो? पण वर्षभरात तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

मग तुम्ही इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलंत, बाबांचा हात धरून आणलात आणि त्यांचा तळहात त्या तोंडावर ठेवलात. आतली हवा हात वर ढकलत होती, बाबांची बोटं थरथरत होती. तुम्ही खालून ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारा, पाइप उपसलात. ‘आता बघा.’ हाताखालचा जोर ओसरला, बाबांचा चेहरा उजळला. ‘अरे, ही श्वास घेतेय!’ हे त्यांचे शब्द. काका, आमच्यासाठी तेवढंच सगळं होतं. पुढची दुरुस्ती झाली नसती, तरी हे पत्र लिहिलं असतं.

‘नाक दाबलं की तोंड उघडतं, अण्णा,’ तुम्ही म्हणालात. तो पाइप तुम्ही पात्याने उभा चिरलात आणि बाबांच्या हातात दिलात. पहिल्या गॅरेजवाल्याने टाकलेला तोच, पाण्याच्या कामाचा रबर, तेलाच्या वाफेने आतून फुगलेला, एका जागी पार चपटा झालेला. जी काही वाट उरली होती, तिच्यात लोण्यासारखा पिवळट गाळ. बाबांनी तो बोटांत चोळून बघितला.

घरी येताना बाबांनी मला सगळं पुन्हा समजावलं. रिंगा कितीही चांगल्या असोत, थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोच, तो बाहेर पडायलाच हवा. वाट बुजली की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे फट मिळेल तिथून बाहेर येतं, सील नवं असो वा जुनं. आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी होतं. बरंचसं सायलेन्सरमधून जातं, पण रिंगांजवळून उतरलेली वाफ खालीच अडकते. आम्ही गाडी देवळापर्यंत नि बाजारापर्यंत, तीन किलोमीटर, नेऊन बंद करायचो. तेल तापायचंच नाही, त्यात आपल्याकडचा पावसाळा. तो गाळ त्यातून झाला. आता दर रविवारी लांब हातखंब्यापर्यंत नेऊन आणतो.

तुम्ही चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून दाखवलंत. ११५ ते १२० पीएसआय, एकमेकांच्या जवळ. १०८९ सीसीच्या या इंजिनात रिंगांचं काही काम नव्हतं. ते काम सांगून आमच्याकडून पैसे घेणं तुम्हाला किती सोपं होतं! आम्ही दिलेही असते. तुम्ही तेल झेपणारा पाइप, एक पॅकिंग आणि मजुरी एवढंच घेतलंत, वर चहा पाजलात. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गाडीबद्दल आधी विचारणारी, त्याचा शब्द खरा धरणारी माणसं अजून आपल्या मुलखात आहेत, या विचारानेच मला त्या रात्री नीट झोप लागली.

चिरलेला पाइप बाबांनी टाकू दिला नाही. देवळीत ठेवलाय, कोण आलं की हातात देऊन दाखवतात, आणि मग त्यांना अंगणात नेऊन झाकण उघडायला लावतात. आईने तुसाची पाटी परत कोंबड्यांच्या खुराड्यात नेली.

दिवाळीत फराळ घेऊन येतो. गाडी पद्मिनीच असेल, आणि शेजारी बाबा.

आपला,
लांज्याचा पद्मिनीवाला